डोळ्यात तेल घालून : पेटीतल्या बाळांचे डोळे

आधी एक सांगते, सदराचं नाव वाचून खरंच कुणी बाळाच्या डोळ्यात तेल घालू नका, मागे एका आजींनी फोन करून "कोणतं तेल, एरंडेल का खोबरेल" विचारलं होतं. मागच्या अंकात कमी दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याला होणाऱ्या आरओपी या आजारावर चार ओळी काय लिहिल्या, त्यावर एवढे प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. लिहिणाऱ्यांची नावं गाळलीत, गावं ठेवलीत.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी 31 व्या आठवड्यात जन्मली, वजन 1400 ग्रॅम. 16 दिवस पेटीत होती, आता घरी आणलीये, दूध छान पिते. डिस्चार्ज कार्डावर "आरओपी तपासणी 30 दिवसांच्या आत" असं लिहिलंय. आज 24 वा दिवस. सासूबाई म्हणतात सव्वा महिना झाल्याशिवाय बाळ-बाळंतीण उंबऱ्याबाहेर जाणार नाही, आणि डोळे तर चांगले टकामका उघडते की. काय करू? (एक आई, बार्शी)

उत्तर : ताई, तुमचा मेसेज आला त्याच दिवशी तुम्हाला फोन करून सांगितलंय, अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखी गोष्टच नव्हती ही. तरी इथे पुन्हा लिहितेय कारण हा एकट्या तुमच्या घरातला घोळ नाहीये. सव्वा महिना म्हणजे आपल्याकडे चाळीस दिवस धरतात, आणि तपासणीची मुदत आहे तीस दिवसांची. मधल्या या दहा दिवसांत मी बाळांचे डोळे हातचे गेलेले बघितलेत.

तीसच दिवस का ते सांगते, म्हणजे सासूबाईंनाही सांगता येईल. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, रेटिना, त्याच्यातल्या रक्तवाहिन्या पोटात असताना साधारण 16 व्या आठवड्यात डोळ्याच्या नसेपाशी सुरू होतात आणि तिथून चहूबाजूंनी बाहेर बाहेर वाढत जातात. नाकाकडच्या टोकाला त्या 36 व्या आठवड्याच्या आसपास पोचतात, कानाकडचं टोक लांब असतं तिथे पोचायला पूर्ण 40 आठवडे लागतात. म्हणजे नऊ महिने भरलेल्या बाळाचा रस्ता जवळजवळ बांधून झालेला असतो, तुमच्या मुलीचा 31 व्या आठवड्यात अर्ध्यावर होता आणि तेवढ्यात ती बाहेर आली. बाहेर आल्यावर पोटातल्यापेक्षा जास्त ऑक्सिजन मिळतो, त्यात वाढीचे जे घटक आईकडून यायचे ते बंद, त्यामुळे रक्तवाहिन्यांचं काम काही आठवडे थांबतंच. इकडे पडदा मात्र वाढत असतो, त्याची भूक वाढत असते, आणि मग पलीकडचा उपाशी भाग रक्तासाठी हाका मारायला लागतो. त्या हाकेला डॉक्टरी भाषेत व्हीईजीएफ म्हणतात. हाक प्रमाणात असली तर रस्ता पुढे सरकतो आणि सगळं आपोआप मार्गी लागतं, फार जोरात गेली तर नको तिथे, नको तशा, कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात, त्या पडद्याला ओढतात आणि शेवटी पडदा सुटून येतो. हे सगळं जन्मल्या दिवशी होत नाही, त्याला आठवडे लागतात, म्हणून पहिल्या दिवशी बघून उपयोग नसतो आणि सव्वा महिन्याने बघितलं तर कधीकधी उशीर झालेला असतो. 28 आठवड्यांच्या आतलं किंवा 1200 ग्रॅमच्या खालचं बाळ असेल तर तीस दिवसही थांबायचं नाही, दोन-तीन आठवड्यांतच बघायचं.

आणि बाहेरून डोळा अगदी छान दिसतो, त्यावर जाऊ नका. चार महिन्यांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता, घरच्यांना वाटलं मोतीबिंदू आहे, बाहुलीत पांढरं दिसतंय. बाहुलीमागे सुटून गोळा झालेला पडदा होता तो, दोन्ही डोळ्यांत. ज्या हॉस्पिटलमधून त्याला घरी पाठवलं होतं तिथल्या कार्डावर डोळ्यांबद्दल एक शब्द नव्हता. तुमच्या कार्डावर लिहिलंय, म्हणजे तिथल्या कुणीतरी काम चोख केलंय.

सासूबाईंना सांगा की फिरायला म्हणून नाही, दवाखान्याला म्हणून जायचंय, कानटोपी, दुपटं, बंद गाडी, आणि त्यांनाच सोबत घेऊन जा. बघितल्यावर बऱ्याच सासवा पक्षच बदलतात.

प्रश्न : डॉक्टरबाई, नातू 29 आठवड्यांचा, 1100 ग्रॅमचा. आतापर्यंत चार वेळा डोळ्यांचे फोटो काढले. पहिल्या दोन रिपोर्टात "झोन 2, इम्मॅच्युअर", तिसऱ्यात "स्टेज 1", चौथ्यात "स्टेज 2, नो प्लस". दर वेळी म्हणतात आठवड्याने या. गाडीभाडं, मुलाची रजा, पोराचं रडणं वेगळंच. एकदाच काय तो चांगला फोटो काढून सांगता येत नाही का? का हा पण धंदा झालाय? (एक आजोबा, सिन्नर)

उत्तर : आजोबा, राग समजतो, आणि या धंद्यात धंदा करणारे नाहीतच असं काही मी म्हणणार नाही. पण तुम्ही जे चार रिपोर्ट लिहिलेत ते वाचून मला बरं वाटलं, कारण नातवाच्या डोळ्यावर कुणीतरी नीट लक्ष ठेवून आहे.

तुम्ही शेतकरी आहात असं पत्रात लिहिलंय, तर शेतावरच येते. जिथपर्यंत रक्तवाहिन्या पोचल्यात तिथपर्यंत ओलिताची जमीन, त्यापुढची जिरायत. झोन म्हणजे ही हद्द पडद्याच्या कुठल्या पट्ट्यात आहे ते, 1 अगदी मधला, 3 टोकाचा. "इम्मॅच्युअर" म्हणजे पाणी अजून पुढे चाललंय, कुठे अडलेलं नाही. स्टेज 1 म्हणजे दोन्ही जमिनींमध्ये एक पातळ पांढरी रेघ दिसायला लागली. स्टेज 2 म्हणजे रेघेचा बांध झाला, अक्षरशः उंचवटा दिसतो, फोटोत गुलाबी-पांढरट. स्टेज 3 ला त्या बांधावर नको ते गवत उगवतं, म्हणजे कच्च्या रक्तवाहिन्या. 4 ला पडदा थोडा सुटतो, 5 ला सगळा. खूपशा बाळांची गाडी 1 नाहीतर 2 वर थांबते, बांध आपोआप विरघळतो आणि पाणी पलीकडे जातं, एक टाका नाही की एक थेंब औषध नाही. कुणाची थांबणार आणि कुणाची पुढे जाणार हे मात्र पहिल्या फोटोवरून कुणी मायेचा लाल सांगू शकत नाही, मुंबईचा पण नाही.

तुमच्या रिपोर्टातले सगळ्यात महत्त्वाचे शब्द आहेत "नो प्लस". बांधापाशी काय चाललंय ते एक, पण डोळ्याच्या मधल्या भागातल्या मोठ्या रक्तवाहिन्या फुगल्या आणि नागमोडी झाल्या की त्याला प्लस म्हणतात, याचा अर्थ हाक फार जोरात चाललीये. झोन 2 मध्ये स्टेज 2 असताना प्लस आलं की वाट बघणं संपलं, दोन-तीन दिवसांत लेझर किंवा ही हाक दाबणारं इंजेक्शन करायलाच लागतं. आणि आठवड्यात नो प्लसचं प्लस होऊ शकतं, मी सोमवारी साधा बघितलेला डोळा पुढच्या सोमवारी ओळखू आला नाही असं झालंय. उपचाराची वेळ बहुतेक बाळांत पाळीपासून मोजलेल्या 37 व्या आठवड्याच्या आगेमागे येते, तेव्हा नातवाचे आठवडे मोजा, 29 अधिक जन्मून जितके झाले तितके. 34 ते 38 च्या मध्ये असेल तर एकही तारीख चुकवू नका. रक्तवाहिन्या टोकापर्यंत पोचल्या असं रिपोर्टात आलं की हे दर आठवड्याचं हेलपाटं बंद.

गाडीभाड्याचं म्हणाल तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी मध्ये, म्हणजे लहान मुलांच्या तपासणी केंद्रात, एकदा विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार आहे, संदर्भ चिठ्ठी तिथून मिळते. मशीन बाळाकडे न्यायचं, बाळाला मशीनकडे नाही, हा प्रकार आपल्या शेजारी कर्नाटकात 2008 पासून चाललाय, बेंगळुरूच्या नारायण नेत्रालयाचे डॉ. आनंद विनेकर आणि त्यांची टीम, तिथे शिकवून तयार केलेले टेक्निशियन कॅमेरा गाडीत घालून जिल्ह्याजिल्ह्यातल्या नवजात कक्षांत जातात, फोटो काढतात, आणि डॉक्टर लांबून बघून सांगतात. किडरॉप नाव त्याचं. आपल्याकडे हे प्रत्येक जिल्ह्यात का नाही हा प्रश्न तुम्ही मला नाही, तुमच्या आमदारांना विचारा.

प्रश्न : डॉक्टर, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे त्यामुळे डेटा बघायची सवय. जुळ्या मुली, 30 आठवडे. रिपोर्टमध्ये सगळं "झोन", "स्टेज", "क्लॉक अवर्स" असं लिहितात, मिलीमीटर कुठेच नाही. मागच्या आठवड्याचा आणि या आठवड्याचा फोटो एकावर एक ठेवून किती मिमी वाढ झाली हे का मोजत नाहीत? आणि ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन) का करत नाहीत, माझ्या आईचा तर दर तीन महिन्यांनी होतो. (एक बाबा, हिंजवडी)

उत्तर : दादा, असा प्रश्न फार कमी लोक विचारतात, त्यामुळे जरा लांबण लावते.

मिमी लिहायचे तर पट्टी स्थिर पाहिजे, आणि इथे पट्टीच वाढतेय. 32 आठवड्यांच्या बाळाचा डोळा पुढून मागे साधारण 15 मिमी असतो, 40 आठवड्यांना 17 च्या आसपास, म्हणजे गावठी बोराएवढा. पहिल्या वर्षात आणखी 3-4 मिमी वाढतो, मोठ्या माणसाचा 23-24 मिमी, छोट्या आवळ्याएवढा. आता कॅमेरा काय करतो, तो अंशात बघतो. बाळांसाठीचा रेटकॅम एका फोटोत 130 अंश घेतो, बेंगळुरूला बनणारा थ्रीनेत्र निओ 120. पण 130 अंशात पडद्याचे किती मिमी आले हे डोळा केवढा आहे त्यावर ठरतं, लहान डोळ्यात कमी, मोठ्या डोळ्यात जास्त. टॉर्चचा झोत भिंतीजवळ धरला की वर्तुळ लहान आणि लांब गेलं की मोठं, झोत तोच. म्हणून महिन्याभराच्या अंतराने काढलेले दोन फोटो तुम्ही एकावर एक ठेवलेत आणि रक्तवाहिनी तेवढीच लांब दिसली, तरी ती खरं म्हणजे वाढलेली असू शकते, कारण तिच्याखालची जमीनच ताणली गेलीये. त्यात टेक्निशियनचा हात थोडा तिरका झाला, बाळाने डोळा फिरवला, की आणखी गोंधळ.

हे ओळखूनच आंतरराष्ट्रीय वर्गीकरण करणाऱ्यांनी, पहिलं 1984 चं, आता तिसरी सुधारित आवृत्ती 2021 ची, एक छान युक्ती केलीये, मला तरी ती फार आवडते. बाळाच्या डोळ्यालाच बाळाची पट्टी करायची. डोळ्याची नस जिथून आत येते ती गोल चकती, तिथपासून नजरेच्या मधल्या बिंदूपर्यंतचं अंतर घ्या, त्याच्या दुप्पट त्रिज्येचं वर्तुळ चकतीभोवती काढा, तो झोन 1. त्याच्या बाहेर नाकाकडच्या टोकाला शिवेल एवढं वर्तुळ, तो झोन 2. कानाकडे उरलेली चंद्रकोर, झोन 3. डोळा वाढला तरी पट्टी त्याच्याबरोबर वाढते. आणि क्लॉक अवर्स म्हणजे घड्याळाचे काटे, 2 ते 5 वाजेपर्यंत बांध आहे म्हटलं की कुणालाही कळतं. तुमच्या मुलींच्या रिपोर्टात मिमी नाहीत म्हणजे कच्चं काम आहे असं समजू नका.

ओसीटीत हाच त्रास आणखी टोचतो. आईचा ओसीटी करताना मशीन गृहीत धरतं की डोळा मोठ्या माणसाचा, 24 मिमीच्या आसपासचा. 16 मिमीच्या डोळ्यावर तेच सेटिंग वापरलं तर स्क्रीनवर 6 मिमी लिहिलेली रेघ प्रत्यक्षात 4 मिमीच्या आसपासच असते. जाडी, म्हणजे खोलीकडचं माप, तसं ठीक येतं, लांबी-रुंदी चुकते. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या टीमने 2010 मध्ये हातात धरायच्या ओसीटीसाठी बाळाच्या वयाप्रमाणे डोळ्याची लांबी आणि नंबर धरून सेटिंग कसं बदलायचं ते मांडलं, त्यानंतर पेटीतल्या बाळांचे स्कॅन वाचण्यासारखे यायला लागले. आणि त्यात काय दिसलं, तर नजरेचा मधला बिंदू, जिथे मोठ्या माणसाच्या पडद्यात छान खळगा असतो, तिथे या बाळांत खळगा अजून अर्धवट, वरचे थर बाजूला सरकायचेच आहेत. हे थर सरकणं, पेशी दाटीने बसणं जन्मानंतर काही वर्षं चालतं. काही बाळांत तिथे बारीक पाण्याच्या पिशव्याही दिसल्या, ज्या नुसत्या फोटोत आणि डोळ्याने बघून कधी कळल्याच नव्हत्या, बहुतेक आपोआप जिरतात.

मग तुमच्या मुलींचा का नाही केला? कारण उपचार करायचा का नाही हे आज तरी रक्तवाहिन्यांच्या फोटोवरून नाहीतर डोक्याला लावायच्या ऑप्थॅल्मोस्कोपने बघूनच ठरतं, ओसीटीवरून ठरत नाही, आणि हातात धरायचं मशीन फार थोड्या ठिकाणी आहे. कुणी बिलात ओसीटी लावलाच तर "याने उपचारात काय बदलणार" एवढं विचारा. उत्तर मिळालं तर करा.

प्रश्न : माझ्या मुलाला 36 व्या आठवड्यात दोन्ही डोळ्यांना लेझर केलं होतं, झोन 1 म्हणाले होते. आता तो 14 महिन्यांचा आहे, नंबर निघालाय उणे 6! घरात कुणालाच चष्मा नाही. सगळे म्हणतात तू मोबाईल दाखवून जेवण भरवतेस म्हणून झालं. खरंच माझ्यामुळे झालं का? आणि लेझरच्या जागी इंजेक्शन केलं असतं तर? (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : नाही ताई, तुमच्यामुळे नाही झालं. मोबाईल बंद कराच, पण तो वेगळ्या कारणासाठी, या नंबराचं पाप त्याच्या माथी नाही.

शाळकरी पोरांचा उणे नंबर असतो तो डोळा लांब झाल्यामुळे, 24 चा 26 मिमी झाला, पडदा मागे गेला, प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडायला लागली. मोबाईल-पुस्तक-घरात कोंडून बसणं याचा संबंध या लांब डोळ्याशी आहे. तुमच्या मुलाचा डोळा मोजलात तर लांब निघणार नाही, उलट त्याच्या वयापेक्षा थोडा आखूडच निघण्याची शक्यता जास्त. गंमत अशी की आखूड डोळ्याला खरं तर अधिकचा, म्हणजे उणेच्या उलटा, नंबर यायला पाहिजे. पण वेळेआधी आलेल्या बाळात, त्यातून लेझर झालेल्या बाळात, डोळ्याचा पुढचा भाग वाढायचाच राहतो. बुबुळावरची काच जास्त गोलवट राहते, भिंग जाडसर राहतं आणि पुढे सरकलेलं असतं, मधली जागा उथळ. पूर्ण दिवसांच्या बाळात हे सगळं पहिल्या वर्षात सपाट आणि सैल होत जातं, डोळा लांब होतो तसा पुढचा भाग त्याला सांभाळून घेतो, नंबर शून्याकडे येतो. इथे ते सांभाळून घेणं बिघडतं. म्हणजे भिंगाची ताकद जास्त राहिली आणि उणे नंबर आला.

इंजेक्शनचं खरं तेच सांगते. 2011 मध्ये अमेरिकेत बीट-आरओपी नावाची मोठी चाचणी झाली, त्यातल्या मुलांचे अडीच वर्षांनी नंबर काढले, तर झोन 1 च्या डोळ्यांत लेझरवाल्यांचा सरासरी नंबर उणे 8 च्या वर आणि इंजेक्शनवाल्यांचा उणे दीडच्या आसपास. फरक मोठा आहे. पण इंजेक्शनवाल्या बाळांत आजार महिन्यांनी परत उठू शकतो, पाळीपासून मोजून निदान 65 आठवड्यांपर्यंत पुन्हापुन्हा तपासावं लागतं, आणि गावाकडचे लोक चौथ्या महिन्यात येणं सोडतात, मग तो डोळा जातो. तुमच्या डॉक्टरांनी लेझर निवडलं त्यामागे हे असू शकतं. लेझरने त्या उपाशी पडद्याची हाक बंद केली आणि मधली नजर वाचवली. उणे 6 ला चष्मा आहे. सुटलेल्या पडद्याला मी काय देणार?

आता काम. चष्मा आत्ताच, "मोठा झाल्यावर बघू" नको, कारण मेंदूला या वयात स्पष्ट चित्र मिळालं नाही तर डोळा आळशी पडतो आणि तो आळस नंतर चष्म्यानेही जात नाही. प्लास्टिकची हलकी फ्रेम, दांड्यांच्या जागी मागून इलॅस्टिकचा पट्टा. पहिले चार दिवस ओढून फेकतो, मग एक दिवस आपल्याला भिंतीवरची पाल बोट दाखवून सांगतो आणि त्यानंतर स्वतःच चष्मा मागतो, अगदी हेच एका आईने मला सांगितलंय, पालच. नंबर दर चार-सहा महिन्यांनी, सोबत तिरळेपणा बघणं. आणि दर वर्षी बाहुली मोठी करून पडदा, हे मोठेपणीही चालू ठेवायचं, कारण अशा डोळ्यांत पडद्याला पुढे भोक पडणं, सुटणं, पुढची जागा उथळ असल्याने दाब वाढणं, हे इतरांपेक्षा जास्त. लेझरचा कागद लॅमिनेट करून ठेवा, वीस वर्षांनी कुठल्या तरी डॉक्टरला तो लागणार आहे.

प्रश्न : मी एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या कक्षात) सिस्टर आहे. कुठल्या बाळाला आरओपी निघाला की नातेवाईक म्हणतात "तुम्ही ऑक्सिजन जास्त दिला". ऑक्सिजन नाही दिला तर बाळ जातं. आम्ही करायचं काय? (एक सिस्टर, यवतमाळ)

उत्तर : सिस्टर, तुमच्या आधी सत्तर वर्षांपूर्वीच्या सिस्टरांनाही हेच ऐकावं लागलं. 1942 मध्ये बोस्टनच्या डॉ. थिओडोर टेरींनी हा आजार पहिल्यांदा लिहिला, तेव्हा नव्या पेट्या आल्या होत्या, ऑक्सिजन मुबलक, आणि त्याचा काही अपाय असेल हे कुणाच्या गावीही नव्हतं. गायक स्टीव्ही वंडर 1950 चा, सहा आठवडे आधी झालेला, त्यातलाच. 1951 मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवलं, मग अमेरिकेत 1953-54 मध्ये अनेक हॉस्पिटलांत मिळून चाचणी झाली आणि ते खरं निघालं. मग काय, सगळ्यांनी ऑक्सिजन एकदम कापला, आंधळी बाळं कमी झाली आणि मेलेली वाढली. 2010 च्या सपोर्ट चाचणीतही तेच, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, 85-89 टक्के ठेवलं तर आरओपी कमी पण मृत्यू जास्त, 91-95 ला उलटं. म्हणून आता 90 ते 95 च्या पट्ट्यात ठेवतात.

तेव्हा तुमच्या हातात काय, तर ब्लेंडर, म्हणजे हवा मिसळून दिलेला ऑक्सिजन, आणि वरचा अलार्म. खालचा अलार्म सगळे लावतात, 95 च्या वर वाजणारा बंद करून ठेवतात कारण डोकं उठतं. ऑक्सिजनवरच्या बाळाचं सॅच्युरेशन 99 दिसलं की आपल्याला बरं वाटतं, तिथेच चुकतं. बाकी जंतुसंसर्ग, वारंवार रक्त चढवणं, वजन न वाढणं हीपण कारणं आहेत, आईचं दूध आणि कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला उघड्या अंगाने छातीशी धरून ठेवणं, त्याला उत्तर, ते तुम्ही करतच असाल. नातेवाईकांना हे सगळं पहिल्याच आठवड्यात सांगा, नंतर सांगितलं की सबब वाटते. आणि तपासणीची तारीख कार्डावर लाल पेनाने, तोंडी नको. तामिळनाडूतल्या एका सरकारी रुग्णालयात 1996 ला जन्मलेल्या मुलीची डोळ्यांची तपासणी कुणी वेळेत केली नाही, पालकांना सांगितलं नाही, सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये सुमारे 1.8 कोटी भरपाई द्यायला लावली. ऑक्सिजन दिला याबद्दल नाही, डोळे बघितले नाहीत याबद्दल.

प्रश्न : माझ्या जावेच्या सुनेचं बाळ न्यू जर्सीत, 32 आठवडे, 1700 ग्रॅम, तिथे म्हणाले डोळे तपासायची गरज नाही. माझ्या मुलीचं बाळ सांगलीत, तेवढंच, तर इथे मागे लागलेत. कोण खरं? (एक आजी, मिरज)

उत्तर : दोघंही. अमेरिकेत नियम 1500 ग्रॅम किंवा 30 आठवडे आणि त्याखालच्यांसाठी, त्यावरचं बाळ फार आजारी असेल तरच. आपल्याकडे 2017 च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार 2000 ग्रॅमच्या खाली किंवा 34 आठवड्यांच्या आत, आणि 34-36 चं बाळ आजारी असलं तर तेही. कारण आपल्याकडे मोठ्या, दीड-पावणेदोन किलोच्या बाळांनाही हा आजार वाईट होतो, सगळीकडे पेट्या आल्या पण ब्लेंडर आणि पुरेसे हात सगळीकडे आले नाहीत. अमेरिकेचा नियम लावला तर आपली ही बाळं सुटून जातील. आणि आपल्याकडे संख्या केवढी, 2020 मध्ये एकट्या भारतात 30 लाखांच्या आसपास बाळं वेळेआधी झाली. आजी, सांगलीचं ऐका, जावेला काही बोलू नका.

प्रश्न : फोटोच्या लाइटने डोळे जातात का? (दोघातिघांनी विचारलंय)

उत्तर : नाही. बाळ रडतं ते लाइटपेक्षा पापणी उघडी धरणाऱ्या तारेच्या क्लिपने, आणि डोळा दोन दिवस लाल दिसू शकतो. बस.

प्रश्न : पुढच्या मंगळवारी पहिली तपासणी आहे, जाताना काय काय न्यायचं? बाळ फार रडतं का? पहिल्यांदाच चाललोय. (एक आई, परांडा)

उत्तर : डिस्चार्जची फाईल मूळ, त्यात जन्माचे आठवडे आणि वजन लिहिलेलं पान वरच ठेवा, आम्ही पहिलं तेच विचारतो. बाहुली मोठी करायचे थेंब दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन-तीनदा टाकतात, त्यात तासभर जातो. ते मोठ्या माणसांचे थेंब पातळ केलेले असतात, त्यामुळे घरी कुणाच्या कपाटातले टाकून नेऊ नका, बाळाचं बीपी आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तपासणीच्या आधी एक तास दूध नको, नाहीतर रडताना उलटी होऊन ठसका लागतो, म्हणून निघताना पाजा आणि गाडीत पुन्हा नको. तिथे बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात, डोळा बधिर करायचा थेंब, कॅमेऱ्याच्या टोकाला जेल, आणि दोन्ही डोळे मिळून पाच-सात मिनिटं. साखरपाण्याचे एक-दोन थेंब जिभेवर देतात त्याने रडणं कमी होतं, ते त्यांना देऊ द्या, तुम्ही घरून नेऊ नका.

रडेल, हो. तुम्हाला बघवणार नसेल तर बाहेर थांबा, कुणी नावं ठेवणार नाही, मी स्वतः माझ्या भाचीच्या वेळी बाहेर थांबले होते. सुती दुपटी दोन न्या, एक जेलने भरतं. झाल्यावर लगेच छातीशी धरून पाजा, आणि पुढची तारीख लिहून घेतल्याशिवाय उठू नका.